कांचघर ते फलाट : सुगम्य वाटेची मोजणी

सुगम्यता म्हणजे एखाद्या इमारतीत, वाहनात किंवा रस्त्यावर दिव्यांग व्यक्तीला सुरक्षितपणे पोहोचता येणे, तेथे वावरता येणे आणि तेथील सेवा इतरांच्या बरोबरीने घेता येणे. चार जणांनी मिळून व्हीलचेअर उचलली आणि पायऱ्या चढवून आत नेली, तर ती व्यक्ती आत पोहोचते खरी, परंतु त्यामुळे ती इमारत सुगम्य ठरत नाही. कारण दुसऱ्या दिवशी ते चार जण तेथे असतीलच असे नाही, आणि असले तरी प्रत्येक वेळी उचलून नेले जाणे कोणाही प्रौढ माणसाला रुचणारे नसते. सुगम्यतेची चर्चा आपल्याकडे बहुधा दया, सेवाभाव आणि उदारता यांच्या भाषेत होते आणि तेथेच ती पातळ होते. वस्तुतः उताराचे प्रमाण, दाराची रुंदी, कठड्याची उंची या मोजून तपासता येणाऱ्या बाबी आहेत, आणि ज्याच्या हाती मोजपट्टी आहे अशा कोणाही नागरिकाला त्या तपासता येतात. जबलपूरच्या पूर्व भागातील घमापूरलगतच्या कांचघर परिसरातून निघून रेल्वेचा फलाट, सरकारी कार्यालय किंवा गणेशोत्सवाचा मांडव गाठू पाहणाऱ्या व्यक्तीच्या वाटेवर ही तपासणी कशी करावी आणि तिचा उपयोग कोठे करावा, याचे मार्गदर्शन येथे केले आहे.

प्रथम कायद्याची चौकट समजून घेणे आवश्यक आहे. 1995 च्या अपंग व्यक्तींविषयीच्या अधिनियमात रस्ते, वाहने आणि इमारती यांच्याबद्दल तरतुदी होत्या, परंतु त्या संबंधित यंत्रणेच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत पाळायच्या होत्या. त्यामुळे पैसा नसल्याचे कारण पुढे करणे कोणत्याही कार्यालयाला सोपे होते. भारताने 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग व्यक्तींच्या अधिकारविषयक कराराला मान्यता दिली आणि त्याला अनुसरून दिव्यांगजन अधिकार अधिनियम, 2016 हा नवा कायदा झाला, जो 19 एप्रिल 2017 पासून अमलात आला. या अधिनियमाने सार्वजनिक इमारतीची व्याख्या बरीच विस्तृत केली आहे: सरकारी असो की खासगी, जी इमारत सर्वसामान्य जनता वापरते ती सार्वजनिक, मग तेथे शिक्षण चालत असो, उपचार, व्यापार, करमणूक, सांस्कृतिक कार्यक्रम की पूजाअर्चा. म्हणजेच एखाद्या मंडळाचे सभागृह, मंगल कार्यालय किंवा देऊळही या व्याख्येत येते, ही गोष्ट संस्थांच्या पदाधिकाऱ्यांच्या सहसा ध्यानात नसते.

याच अधिनियमाचे कलम 44 असे सांगते की, सुगम्यतेच्या नियमांशी जुळत नसलेल्या आराखड्याला बांधकामाची परवानगी देऊ नये आणि तसे बांधकाम पूर्ण झाले तरी पूर्णत्वाचा दाखला देऊ नये; तर कलम 45 नुसार, अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारतींना नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांच्या आत सुगम्य करणे बंधनकारक होते. नियम 15 जून 2017 रोजी निघाले, त्यामुळे ही मुदत जून 2022 मध्ये संपली. काही इमारतींबाबत प्रकरणागणिक मुदतवाढ देण्याची सोय कलमात आहे. मात्र कोणी तिचा आधार घेत असेल तर त्याला मुदतवाढीचा आदेश दाखवता आला पाहिजे. पुढे राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी या नियमांतील नियम 15(1) हा मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवला, कारण अधिनियमाची भाषा सक्तीची असताना नियमाने मात्र केवळ शिफारसवजा मार्गदर्शक तत्त्वांच्या लांबलचक याद्या जोडल्या होत्या. आणि कोणत्याही सबबीवर टाळता येणार नाहीत असे किमान निकष वेगळे काढून तीन महिन्यांत नवे नियम करावेत, असा आदेश केंद्र सरकारला दिला. तक्रार करणाऱ्याने त्या वेळी लागू असलेली नियमावली पाहून घ्यावी. पुढे दिलेली मापे मात्र केंद्र सरकारच्या 2016 आणि 2021 च्या सुगम्यता मार्गदर्शिकांत रूढ झालेली असून तपासणीला पुरेशी आहेत. मापे मिलिमीटरमध्ये सांगण्याची बांधकामातील पद्धत असली तरी येथे सोयीसाठी सेंटिमीटर वापरले आहेत.

तपासणी इमारतीच्या दारापाशी सुरू करण्याची चूक बहुतेक अहवालांत आढळते. घराच्या उंबरठ्यापासून इच्छित खिडकीपर्यंत किंवा आसनापर्यंतचा संपूर्ण प्रवास हा तपासणीचा विषय असला पाहिजे, कारण त्यातील एकच दुवा तुटला तरी बाकीचे सर्व दुवे निरुपयोगी होतात. कांचघरहून स्थानकाकडे जाणाऱ्याचा पहिला दुवा अर्थातच रस्ता. पदपथाची उंची रस्त्यापासून 15 सेंमीपेक्षा अधिक नसावी, त्यावर किमान 180 सेंमी रुंदीची मोकळी वाट असावी आणि चौकात तो जेथे संपतो तेथे रस्त्याच्या पातळीपर्यंत उतरणारा लहान उतार असावा, एवढी तीन मापे प्रथम पाहावीत. येथे एक बारकावा आहे. डांबराचा थरावर थर चढवत गेल्याने रस्त्याची पातळी वाढत जाते आणि ज्या उताराचे टोक आरंभी रस्त्याला बरोबर टेकले होते ते काही वर्षांत खड्ड्यात जाते किंवा त्याच्या तोंडाशी डांबराची कड उभी राहते. व्हीलचेअरची पुढची लहान चाके नेमकी अशा दोन-तीन सेंटिमीटरच्या कडेला अडतात आणि बसलेली व्यक्ती पुढे फेकली जाते. म्हणून डांबरीकरण झाल्यावर उतारांची पुन्हा मोजणी करण्याचा आग्रह नागरिकांनी महापालिकेकडे धरला पाहिजे.

पदपथावर दुचाकी चढू नयेत म्हणून लावलेले खांबही कधी कधी मूळ हेतूच्या विरुद्ध काम करतात. मुंबईत पदपथांच्या तोंडाशी इतके जवळजवळ खांब रोवले गेले होते की व्हीलचेअर आत शिरूच शकत नव्हती, आणि 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. दोन खांबांमधील मोकळी जागा किमान 90 सेंमी असावी, हे माप जबलपूरच्या नगर निगमालाही तितकेच लागू पडते.

इमारतीच्या दारातील उतार, म्हणजे ज्याला सर्वजण रॅम्प म्हणतात तो, हा सर्वाधिक बांधला जाणारा आणि बहुधा सर्वाधिक चुकणारा भाग आहे. प्रमाण 1:12 असे ठरलेले आहे. त्याचा अर्थ असा की, 1 सेंमी उंची गाठण्यासाठी 12 सेंमी लांबी खर्ची घालावी. जोते उंच ठेवण्याची आपल्याकडील रीत पावसाळा पाहता योग्यच आहे, परंतु प्रत्येकी 15 सेंमीच्या तीन पायऱ्या म्हटल्या तरी चढ 45 सेंमी होतो आणि त्याला 5.4 मीटर लांबीचा रॅम्प लागतो. प्रत्यक्षात गवंडी त्याच तीन पायऱ्यांच्या एका बाजूला सिमेंट ओतून त्यांच्याच लांबीत उतार बसवतो. पायऱ्यांची आडवी लांबी 90 सेंमी धरली तर हे प्रमाण 1:2 येते, आणि अशा घसरगुंडीवरून व्हीलचेअर चढवणे दोघा धडधाकट माणसांनाही जमत नाही, उतरवणे तर जिवावरचेच. तरीही कार्यालयाच्या अहवालात 'रॅम्प उपलब्ध' या रकान्यात खूण होते. जागा अपुरी असेल तर रॅम्प भिंतीलगत वळवून दोन टप्प्यांत न्यावा, किंवा लहान उद्वाहक बसवावा, किंवा मागील बाजूस जेथे जमिनीची पातळी उंच असेल तेथील दार मुख्य दार म्हणून खुले करावे. मात्र मागचे दार निवडल्यास ते कार्यालयीन वेळेत कुलूपबंद राहणार नाही याची लेखी जबाबदारी कोणावर तरी सोपवावी.

उतार मोजण्यासाठी अभियंत्याची गरज नसते. 120 सेंमी लांबीची सरळ पट्टी रॅम्पवर वरच्या बाजूला टेकवून आडवी धरावी, पाणसळीने ती समतल करावी आणि तिच्या खालच्या टोकापासून रॅम्पच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर मोजावे. ते 10 सेंमी किंवा त्याहून कमी भरले तर उतार योग्य, 15 भरले तर 1:8 म्हणजे धोकादायक. मोबाइलमधील कोनमापक वापरायचा असेल तर 1:12 चा कोन पाच अंशांहून किंचित कमी असतो, एवढे लक्षात ठेवावे. त्याखेरीज रॅम्पची रुंदी 120 सेंमी, सलग चढ 9 मीटरपेक्षा अधिक नाही, वर-खाली व मधल्या थांब्यावर 150 सेंमीची समतल जागा, दोन्ही बाजूंना कठडे आणि चाक घसरून खाली जाऊ नये म्हणून कडेला लहानशी उंचवट्याची पट्टी, इतके पाहावे. गुळगुळीत ग्रॅनाइट हे आपल्याकडे प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाते, पण पहिल्या पावसात त्यावर कुबडीचे रबर तग धरत नाही. खरखरीत घडवलेला दगड स्वस्तही पडतो. उघड्यावरील स्टीलचा कठडा मे महिन्याच्या दुपारी हात लावता येणार नाही इतका तापतो, हेही जबलपूरसारख्या ठिकाणी आराखडा करणाऱ्याने ध्यानात घ्यावे आणि तेथे सावलीची किंवा कठड्यावर प्लास्टिकच्या आवरणाची सोय करावी.

दाराची रुंदी मोजताना चौकटीचे माप घेऊ नये, कारण उघडलेला दरवाजा त्यातील काही जागा खातो. दार काटकोनात उघडून त्याच्या पृष्ठभागापासून समोरच्या चौकटीपर्यंत मोजावे आणि ते 90 सेंमी भरले पाहिजे. स्वच्छतागृहात व्हीलचेअर पूर्ण फिरवता येईल असे 150 सेंमी व्यासाचे मोकळे वर्तुळ, भांड्याच्या शेजारी सरकून बसण्यासाठी 90 सेंमी जागा, 45 ते 48 सेंमी उंचीचे आसन आणि भिंतीत पक्के बसवलेले आधारदांडे लागतात. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे, अन्यथा आत कोणी पडल्यास त्याच्याच देहाने दार अडते. मात्र सर्व मापे बरोबर असूनही अशा स्वच्छतागृहाला कुलूप असणे, त्याची किल्ली शिपायाकडे आणि शिपाई जेवायला गेलेला असणे, आत झाडू, बादल्या व मोडक्या खुर्च्या रचलेल्या असणे, हे इतके सर्रास आढळते की तपासणीच्या अर्जात 'दार उघडून पाहिले काय' हा प्रश्न पहिला ठेवावा.

अंध व्यक्तींसाठीच्या उंचवटे असलेल्या पिवळ्या फरश्या आता स्थानकांवर आणि नव्या पदपथांवर दिसतात. त्यांची कल्पना जपानच्या सेइइची मियाके यांनी 1965 मध्ये मांडली आणि 1967 मध्ये ओकायामा शहरात त्या प्रथम बसवल्या गेल्या. त्यात दोन प्रकार आहेत: लांब समांतर रेषांची फरशी 'या दिशेने चालत राहा' असे सांगते, तर गोल ठिपक्यांची फरशी 'थांबा, पुढे जिना, वळण किंवा कडा आहे' असा इशारा देते. हा फरक कंत्राटदाराला ठाऊक नसेल तर तो दोन्ही प्रकार नक्षीसारखे मिसळतो, रेषांची वाट थेट विजेच्या खांबावर नेऊन संपवतो, आणि मग त्या फरश्या नसत्या तर बरे झाले असते असे वाटू लागते. तपासणाऱ्याने पांढरी काठी वापरणाऱ्या व्यक्तीलाच सोबत घेऊन ती वाट आरंभापासून शेवटपर्यंत चालून पाहावी. ज्यांना अंधूक दिसते त्यांच्यासाठी पायरीच्या कडेला ठळक विरोधी रंगाची पट्टी हा अत्यल्प खर्चाचा आणि वृद्धांच्याही उपयोगाचा उपाय आहे. कर्णबधिरांच्या अडचणी डोळ्यांना दिसत नसल्याने सर्वांत शेवटी विचारात घेतल्या जातात. जी सूचना ध्वनिक्षेपकावरून दिली जाते ती फलकावरही दिसली पाहिजे, हा साधा नियम पाळला तरी बरेच काम होते.

रेल्वेचा विषय जबलपूरच्या वाचकाला विशेष जवळचा आहे. 1870 मध्ये मुंबईहून आलेला लोहमार्ग याच शहरात कलकत्त्याकडून आलेल्या मार्गाला मिळाला, आणि 2003 पासून पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालयही येथे आहे. लिफ्ट, सरकते जिने, व्हीलचेअर आणि बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या यांमुळे मोठ्या स्थानकांत फलाटापर्यंत पोहोचणे पूर्वीपेक्षा सुकर झाले असले, तरी खरी अडचण तेथून पुढे सुरू होते. भारतीय रेल्वेच्या उंच फलाटाची उंची रुळापासून 76 ते 84 सेंमी असते, तर डब्याची जमीन सुमारे 130 सेंमी उंचीवर असते; म्हणजे उंच म्हणवल्या जाणाऱ्या फलाटावरूनही सुमारे अर्धा मीटर चढायचे असते, तेही अरुंद पायऱ्यांवरून. 1:12 या प्रमाणाने हा फरक भरून काढायचा तर सहा मीटर लांबीचा रॅम्प लागेल, जो गाडीच्या दारासमोर ठेवणे शक्य नाही. त्यामुळे उचलून ठेवता येणारा, अधिक चढाचा रॅम्प आणि प्रशिक्षित मदतनीस हाच व्यवहार्य मार्ग उरतो. डबे आणि फलाट यांची उंची एकाच पातळीवर आणल्याशिवाय हा प्रश्न मुळातून सुटणार नाही, आणि मेट्रोमध्ये तो सुटतो तो याच कारणाने, हे येथे नमूद केले पाहिजे.

तोपर्यंत प्रवाशाने काही खबरदारी घ्यावी. सवलतीच्या तिकिटासाठी रेल्वेचे छायाचित्र असलेले ओळखपत्र आधीच काढून ठेवावे. आरक्षण करताना दिव्यांगांसाठी राखीव कोट्यातील खालच्या बर्थची मागणी करावी. दिव्यांगांसाठीचा रुंद दाराचा कक्ष बहुतेक गाड्यांत सामानाच्या डब्याला जोडून, म्हणजे गाडीच्या एका टोकाला असतो. तो फलाटाच्या कोणत्या बाजूला येईल याची चौकशी 139 वर किंवा स्थानकावर करून गाडी येण्यापूर्वीच तेथे पोहोचावे, कारण काही मिनिटांच्या थांब्यात संपूर्ण फलाट ओलांडणे व्हीलचेअरवरील व्यक्तीला अशक्य असते. व्हीलचेअरसाठी स्थानक व्यवस्थापकाच्या कार्यालयात आगाऊ कळवावे.

शहर बसच्या बाबतीत एकच गोष्ट सांगायची. जमिनीपासून 40 सेंमी उंचीचा तळ असलेली खालच्या तळाची बस घेतली तरी ती थांब्याच्या ओट्याला चिकटून उभी राहिली नाही, तर तिचा रॅम्प रस्त्यावर उतरतो आणि त्याचा चढ पुन्हा अशक्य होतो. म्हणून बसखरेदी, थांब्याची बांधणी आणि चालकाचे प्रशिक्षण यांची निविदा वेगवेगळ्या वर्षी काढण्यात अर्थ नाही. कांचघरसारख्या भागातून बसथांब्यापर्यंत नेणारी ई-रिक्षा या साखळीत कोणाच्याच हिशेबात धरलेली नसते, हीही मोठी उणीव होय.

सरकारी यंत्रणेकडे बोट दाखवण्यापूर्वी मराठी मंडळांनी आपले अंगण मोजावे, हे उचित ठरेल. गणेशोत्सवाचा मांडव दहा दिवसांचा असतो म्हणून त्याला सूट देण्याचे कारण नाही. उलट तो दरवर्षी नव्याने उभा राहत असल्याने चूक सुधारणे तेथे सर्वांत स्वस्त असते. मंडपवाल्याला काम सांगतानाच प्रवेशाची एक वाट 120 सेंमी रुंद व सपाट ठेवण्यास, जमिनीवरील विजेच्या तारा उतरत्या आवरणाखाली झाकण्यास आणि खुर्च्यांच्या रांगांत मध्येच व्हीलचेअरपुरती मोकळी जागा सोडण्यास सांगावे. ही जागा अगदी पुढे किंवा अगदी मागे ठेवली तर ती व्यक्ती आपल्या कुटुंबापासून तुटते. रंगमंचालाही रॅम्प हवा, कारण दिव्यांग मुलांनी केवळ प्रेक्षकांतच बसावे असे गृहीत धरता येत नाही. नर्मदेच्या ग्वारीघाटासारख्या ठिकाणी घाटाची रचनाच पायऱ्यांची असल्याने पाण्यापर्यंत उतार नेणे अवघड असते आणि पुराच्या गाळाने तो टिकतही नाही. तेथे वाहनतळापासून पात्र व आरती स्पष्ट दिसेल अशा सपाट ओट्यापर्यंतची वाट अखंड असावी, ही मागणी अधिक शहाणपणाची.

तक्रार कशी करावी, हा अखेरचा आणि व्यवहारात निर्णायक असा भाग. 'येथे दिव्यांगांची गैरसोय होते' असे लिहिलेल्या अर्जाला 'योग्य कार्यवाही करण्यात येईल' असेच उत्तर येते. त्याऐवजी इमारतीचे नाव, तारीख, रॅम्पची मोजलेली लांबी व उंची, त्यांवरून निघणारे प्रमाण, अपेक्षित प्रमाण, मोजपट्टी लावलेली छायाचित्रे आणि कलम 45 चा उल्लेख असा अर्ज, मध्य प्रदेशातील कार्यालयांसाठी हिंदीतून, द्यावा व पोच घ्यावी. केंद्र सरकारच्या सुगम्य भारत ॲपवर छायाचित्रासह तक्रार नोंदवता येते. राज्याच्या अखत्यारीतील बाबींसाठी 181 ही मुख्यमंत्री हेल्पलाइन आणि जिल्हाधिकारी कार्यालयात मंगळवारी होणारी जनसुनवाई हे मार्ग आहेत. नवी इमारत असल्यास माहिती अधिकाराखाली 10 रुपये शुल्क भरून पूर्णत्वाच्या दाखल्याची प्रत आणि सुगम्यतेबाबत केलेल्या पडताळणीची कागदपत्रे मागावीत. पडताळणी झालीच नसेल तर तेच लेखी उत्तर पुढील तक्रारीचा मुख्य पुरावा ठरते.

एवढ्याने काम न झाल्यास राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे भोपाळ येथे दाद मागावी. त्यांना साक्षीदार बोलावणे, कागदपत्रे मागवणे यांसाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, आणि त्यांनी केलेल्या शिफारशीवर संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांत कार्यवाही कळवणे किंवा शिफारस न मानण्याची कारणे देणे बंधनकारक असते. येथे अधिकारक्षेत्र चुकवू नये: नगर निगम, जिल्हा रुग्णालय, राज्य शासनाची कार्यालये यांची तक्रार राज्य आयुक्तांकडे जाते, परंतु रेल्वे, टपाल कार्यालय किंवा संरक्षण उत्पादनाचे कारखाने यांची तक्रार नवी दिल्लीतील मुख्य आयुक्तांकडे करावी लागते, आणि चुकीच्या दारी दिलेला अर्ज एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरण्यातच महिने जातात. अधिनियमाच्या कलम 89 नुसार पहिल्या उल्लंघनाला 10,000 रुपयांपर्यंत आणि त्यानंतरच्या उल्लंघनाला 50,000 ते 5 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून त्याच इमारतीची पुन्हा तक्रार करताना आधीच्या अर्जाचा क्रमांक, तारीख आणि आलेले उत्तर नेहमी सोबत जोडावे.